अतिरिक्त कोण?

‘अतिरिक्त’ हा शब्द आम्हां शिक्षकांना नवा नाही. दरवर्षी पटसंख्या मोजली जाते, तिच्यावरून संचमान्यता येते, आणि मंजूर पदांपेक्षा एखादा शिक्षक जास्त भरला की सेवाज्येष्ठता यादीत ज्याचे नाव सर्वांत खाली असेल तो अतिरिक्त ठरतो. ठरतो म्हणजे त्याची नोकरी जाते असे नव्हे. शाळा अनुदानित असेल तर त्याचे समायोजन करायचे असते. जिथे जागा रिकामी आहे अशा दुसऱ्या शाळेत त्याला पाठवायचे असते. हे काम प्रत्यक्षात कसे चालते, शिक्षणाधिकारी कार्यालयात किती खेपा घालाव्या लागतात, मधल्या काळात पगार किती रखडतो, आणि जवळपास दुसरी उर्दू शाळाच नसल्यामुळे आमच्या माध्यमाच्या शिक्षकाला कुठल्या कुठे जावे लागते, याच्या कहाण्या प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतात. विनाअनुदानित शाळांतल्या आमच्या भावाबहिणींना तर हेही संरक्षण नाही. पण एवढे सगळे असूनही या व्यवस्थेने एक गोष्ट कागदावर मान्य केलेली आहे. जास्त झाले आहे ते पद. माणूस जास्त झालेला नाही.

गेल्या काही वर्षांत हाच शब्द निरनिराळी इंग्रजी नावे घेऊन संगणकाच्या क्षेत्रात शिरला. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्क यांनी ट्विटर ही कंपनी विकत घेतली आणि आठवडाभरात तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांना घरी पाठवले. ९ नोव्हेंबरला फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने ११ हजार माणसे कमी केली. पुढच्या जानेवारीत गूगलच्या अल्फाबेटने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि अ‍ॅमेझॉनने १८ हजार कर्मचारी कमी करत असल्याचे जाहीर केले. हे वारे आपल्याकडे पोहोचायला फार वेळ लागला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे वर्षभरात कमी करणार असे सांगितले. त्यांतली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. ज्या कंपनीतली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच, असे पुण्या-मुंबईतली मध्यमवर्गीय घरे मानत आली, त्या कंपनीने हे सांगितले.

तोट्यात बुडालेल्या कारखान्याने कामगार कमी करावेत का, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर निदान अंकगणिताने तरी देता येते. इथे प्रकार निराळा आहे. १२ हजार माणसे कमी करणाऱ्या अल्फाबेटचा त्याआधीच्या वर्षाचा नफा सुमारे ६० अब्ज डॉलर होता. तेव्हा पैसा नाही हे कारण कुणी पुढे केले नाही. जे कारण पुढे आले ते गुणाचे होते. माणसे थोडी असली की काम चांगले होते, निर्णय लवकर होतात, जो तो आपले काम ओळखतो. मार्क झुकेरबर्ग यांनी तर २०२३ हे कार्यक्षमतेचे वर्ष म्हणूनच घोषित केले आणि त्या वर्षी आणखी १० हजार माणसे कमी केली. म्हणजे कपात ही नाइलाजाची गोष्ट राहिली नाही, ती सद्गुण झाली. आणि एखादी गोष्ट सद्गुण म्हणून समोर आली की तिची नैतिक तपासणी करणे आपले कर्तव्य ठरते. तोट्याची तपासणी हिशेबनीस करील. सद्गुणाची आपण करायची.

प्रामाणिकपणे सुरुवात करायची तर आधी हे मान्य केले पाहिजे की या म्हणण्यात खोटे काही नाही. फ्रेडरिक ब्रूक्स नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड प्रकल्पाचे काम त्यांनी १९६० च्या दशकात पाहिले होते आणि त्या अनुभवावर १९७५ साली एक छोटे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो आणखी उशिरा पुरा होतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. कारण सोपे आहे. पाच माणसांना एकमेकांशी बोलायचे झाले तर दहा जोड्या होतात. दहा माणसांच्या पंचेचाळीस होतात आणि पन्नास माणसांच्या बाराशे पंचवीस. माणसे दहापट झाली तर बोलणी शंभरपटीहून जास्त होतात, आणि मग दिवस बोलण्यातच जातो. नववीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले की मुले हसतात, कारण वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तयारीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याच्याही आधी माक्सिमिलियाँ रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचे बळ मोजले होते. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसे एकेकाचे ओढणे कमी होत गेले. अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांचा नियमही प्रसिद्धच आहे : दोन पिझ्झ्यांत ज्यांचे पोट भरणार नाही एवढी माणसे एका चमूत नकोत. (आपल्याकडे एका देगेत किती माणसे जेवतात हे लक्षात घेता हा नियम आपल्याला फारसा उपयोगी पडणार नाही.)

आणि मग व्हॉट्सअ‍ॅपचे उदाहरण आहेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले तेव्हा तिचे वापरकर्ते ४५ कोटी होते आणि कर्मचारी ५५. आमच्या परिसरातल्या एका बऱ्या हायस्कूलच्या स्टाफएवढी माणसे. इन्स्टाग्राम २०१२ मध्ये विकले गेले तेव्हा तिथे अवघी तेरा माणसे होती. ट्विटरचेही पाहा. मस्क यांनी माणसे कमी करत करत आठ हजारांच्या आसपासची संख्या दीड हजारावर आणली, हे त्यांनीच एप्रिल २०२३ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत सांगितले. ही सेवा आता चार दिवसांत कोसळणार, असे भाकीत अनेक जाणकारांनी केले होते. ती कोसळली नाही. कपातीविरुद्ध बोलणाऱ्यांनी ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जाहिरातदार मात्र निघून गेले आणि जाहिरातींचे उत्पन्न निम्म्यावर आले, हेही त्याच वर्षी जुलैमध्ये मस्क यांनीच सांगितले. तरी यंत्र चालू राहिले हे खरे.

मग अडचण कुठे आहे? आम्हांला वाटते ती एका शब्दात दडलेली आहे, आणि तो शब्द ‘लहान’ हा आहे. लहान असणे आणि लहान केले जाणे या दोन गोष्टींना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत.

व्हॉट्सअ‍ॅपची ५५ माणसे कुणाला काढून उरलेली नव्हती. ती एकेक करून, जपून घेतलेली माणसे होती. त्या लहानपणात संयम होता. तो संयम माणूस घेण्याच्या वेळी पाळला गेला होता. मेटाचे तसे नाही. २०१९ च्या अखेरीस तिथे सुमारे ४५ हजार माणसे होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती ८७ हजारांवर गेली. तीन वर्षांपेक्षा कमी काळात जवळजवळ दुप्पट! करोनाच्या काळात सारे जग घरात बसून पडद्याकडे पाहत होते. ते पुढेही असेच पाहत राहील, असे समजून ही भरती झाली. तो अंदाज चुकला. अंदाज कुणाचाही चुकतो. पण ज्याने अंदाज केला तो आणि ज्याने त्या अंदाजाची किंमत मोजली तो, ही दोन वेगळी माणसे होती. ११ हजारांपैकी एकानेही स्वत:ची भरती स्वत: केली नव्हती.

इथे त्या कंपन्यांच्या प्रमुखांनी एक वाक्य जवळजवळ एकाच सुरात उच्चारले. झुकेरबर्ग यांनी लिहिले की हे आपल्या निर्णयांमुळे झाले आणि जबाबदारी आपली आहे. अल्फाबेटचे सुंदर पिचाई यांनीही पूर्ण जबाबदारी स्वीकारली. आम्ही उर्दू शाळेतली माणसे, शब्द फोडून पाहण्याची आम्हांला खोड असते. जबाबदारी या शब्दात ‘जवाब’ आहे. ज्याला जवाब द्यावा लागतो तो जबाबदार. जवाब म्हणजे नुसते पत्र नव्हे. हिशेब चुकला तर त्याची भरपाई आपल्या खिशातून करणे, निदान आपली खुर्ची थोडी खाली आणणे. इथे जबाबदारी घेणारे सर्वजण आपापल्या पदांवर राहिले आणि ज्यांच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती ते बाहेर गेले. अमेरिकेतल्या त्या कर्मचाऱ्यांना सोळा आठवड्यांचा पगार आणि सेवेच्या दरवर्षामागे दोन आठवड्यांचा जादा पगार मिळाला, हे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे कितीजणांना एवढे मिळते? परंतु पैसा दिला म्हणजे जवाब दिला असे होत नाही.

दुसऱ्या प्रकारे वागता येते हे दाखवणारे उदाहरण जपानमध्ये आहे. खेळाची यंत्रे बनवणारी निन्टेन्डो ही कंपनी २०१३ च्या सुमारास अडचणीत होती. नवे यंत्र चालले नव्हते. सातोरू इवाता हे तिचे प्रमुख. माणसे कमी का करत नाही, असे भागधारकांच्या सभेत विचारले गेले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की ताळेबंद तात्पुरता सुधारावा म्हणून माणसे काढली तर उरलेल्यांचा उत्साह जातो, आणि आपणही काढले जाऊ या भीतीत राहणारी माणसे जगाला रिझवणारे खेळ बनवू शकणार नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी काही महिन्यांसाठी स्वत:चा पगार निम्मा केला. २०११ मध्येही त्यांनी तेच केले होते. इवाता संत होते असे आम्हांला म्हणायचे नाही. त्यांचा युक्तिवाद धंद्याचाच होता. पण त्या युक्तिवादात भीतीची दखल होती.

ही भीतीची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती समजून घ्यायला संगणकाच्या पुस्तकांपेक्षा इब्न खल्दून जास्त उपयोगी पडतात. १३३२ साली ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या या इतिहासकाराने १३७७ मध्ये आपला ‘मुकद्दिमा’ लिहिला. वाळवंटातली मूठभर माणसे येतात आणि मोठमोठी राज्ये उलथवून टाकतात, हे कसे घडते, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे लहान, चपळ चमू मोठ्या सुस्त संस्थेवर मात कशी करतो, हाच आजचा प्रश्न त्यांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी विचारला होता. त्यांचे उत्तर ‘असबिय्या’ या शब्दात आहे. आपापसांतली बांधिलकी, माझ्यावर वेळ आली तर शेजारचा उभा राहील ही खात्री. मूठभर असणे हे बळ नव्हे. मूठ बांधलेली असणे हे बळ. आणि ते पुढे असेही दाखवतात की सत्ता स्थिरावली की सत्ताधारी ज्यांच्या बळावर वर आला त्याच माणसांना दूर सारू लागतो, पगारी माणसांचा आधार घेतो, आणि उतरती कळा तिथूनच सुरू होते.

कार्यक्षमतेचा जयघोष करणाऱ्यांनी नेमके हेच गाळलेले आहे. पाच माणसांचा चमू पन्नासांपेक्षा चांगले काम करतो, कारण त्या पाचांचा एकमेकांवर भरवसा असतो. पण पन्नासांतून पंचेचाळीस काढून जे पाच उरतात त्यांच्यात तो भरवसा कुठून येणार? कालपर्यंत शेजारी बसणाऱ्याचा संगणक सकाळी अचानक बंद झालेला त्यांनी पाहिलेला असतो. आता आपल्याला येणारे सगळे दुसऱ्याला शिकवायचे की थोडे राखून ठेवायचे, हा विचार त्यांच्या मनात येणारच. चूक दिसली तर बोलायचे की गप्प बसायचे? गणिताने हे पाच आणि ते पाच सारखेच. कपातीने माणसांची संख्या व्हॉट्सअ‍ॅपएवढी करता येते, व्हॉट्सअ‍ॅप करता येत नाही.

मेटाने तर २०२५ च्या जानेवारीत याच्याही पुढची पायरी गाठली. सुमारे पाच टक्के माणसे कमी करताना ती कामात सर्वांत कमी पडणारी माणसे आहेत, असे उघडपणे सांगितले. एखाद्या वर्गात पंचेचाळीस मुले असतील तर शेवटची दोन-तीन कुणीतरी असणारच. सगळी हुशार असली तरी असणारच, कारण क्रम लावला की शेवट येतो. त्या शेवटच्यांना नापास म्हणायचे आणि ते गावभर सांगायचे, हे आमच्या व्यवसायात कुणी केले तर पालक शाळेत येतील, आणि त्यांचे बरोबर असेल.

लहानपणाच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोण मोजले जाते आणि कोण मोजलेच जात नाही? व्हॉट्सअ‍ॅपची ५५ माणसे ज्या अर्लांग या संगणकीय भाषेवर उभी होती ती स्वीडनच्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती आणि १९९८ पासून सर्वांना मोफत खुली होती. जगभरच्या अशा कितीतरी अनाम माणसांच्या खांद्यांवर तो लहान चमू बसलेला होता. त्यात गैर काही नाही. इल्म असाच पुढे जातो. पण दुसरी बाजूही आहे. ट्विटरच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कचेरीत २०२२ च्या डिसेंबरमध्ये साफसफाई करणारी माणसे कमी झाली, तेव्हा तिथले अभियंते शौचालयासाठी लागणारा कागद घरून आणू लागले, अशी बातमी होती. ही साफसफाईची माणसे कंत्राटी होती, त्या आठ हजारांत ती कधी मोजलीच गेली नव्हती. म्हणून कपातीच्या आकड्यातही ती नाहीत. फेसबुकवरची घाणेरडी चित्रे दिवसभर पाहून पुसून टाकणारी नैरोबीतली मुले-मुली अशाच दुसऱ्या कंपनीच्या पटावर होती, आणि काम गेल्यावर २०२३ मध्ये त्यांना न्यायालयात जावे लागले. महाराष्ट्रात खासगी अनुदानित शाळांतल्या शिपायाचे पद डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने असेच मोजणीतून बाहेर गेले. माणूस निवृत्त झाला की पद संपले, त्या जागी भत्ता. शाळेचा झाडू काही निवृत्त झालेला नाही. तो रोज कुणाच्या तरी हातात असतोच, फक्त त्या हाताचे नाव हजेरीपटावर नसते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मास्तरांना कंपनी म्हणजे अनाथालय वाटते. तसे नाही. माणसाला काम नसताना पगार देत राहणे हा देखील त्याचा सन्मान नव्हे. ज्याच्या वाट्याला एकही तास नाही आणि जो रोज सही करून स्टाफरूमच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसतो, अशा अतिरिक्त शिक्षकाचा चेहरा आम्ही पाहिलेला आहे. त्याला पगार मिळतो, पण मुले त्याला ‘सर’ म्हणत नाहीत, कारण तो त्यांचा सर नसतो. समायोजनाचा आदेश, मग तो दूरच्या तालुक्याचा का असेना, हातात पडल्यावर अशा माणसाच्या डोळ्यांत आलेली चमकही आम्ही पाहिली आहे. संगणक कंपन्यांत अशा बिनकामाच्या अवस्थेला बेंचवर असणे म्हणतात. टीसीएसने २०२५ मध्ये नियम केला की वर्षात ३५ दिवसांपेक्षा जास्त काळ कुणी बेंचवर राहू नये. आमच्याकडे शेवटच्या बेंचवरचा मुलगा वर्षभर तिथेच बसला तरी त्याचे नाव कमी होत नाही. पण शाळा आणि कंपनी यांत फरक असणारच, तो आम्हांला मान्य आहे. पद कमी करण्याचा हक्क कंपनीला असावा. आमचा प्रश्न तो हक्क कसा वापरला जातो याविषयी आहे.

आमच्या शाळेचा एक विद्यार्थी, घरातला पहिला पदवीधर, पुण्यातल्या एका कंपनीत अकरा वर्षे होता. चांगला होता, दोनदा बढती मिळाली होती. एका सकाळी त्याला एका खोलीत बोलावले गेले. समोर कागद होता. राजीनामा लिहून दे, कारण म्हणून ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिही. नाही लिहिलेस तर आम्ही काढून टाकू आणि मग अनुभवाच्या दाखल्यावर ते दिसेल. त्याने लिहिले. घरी गृहकर्ज होते, दोन लेकरे होती, धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले होते. तीन महिन्यांचा पगार मिळाला. हे सांगताना त्याने कंपनीबद्दल वाईट शब्द काढला नाही. तो म्हणाला, “सर, काढलं त्याचं तेवढं दु:ख नाही. पण खोटं माझ्या हातानं लिहून घेतलं.”

आम्हांला वाटते साऱ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपात करताना सेवेच्या दरवर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे आणि साधारणपणे शेवटी आलेल्याला आधी काढावे, असे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे तत्त्व कायम आहे. शिवाय कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन कौशल्यनिधीत द्यावे अशी नवी तरतूद आहे. पण व्यवस्थापकीय काम करणारा माणूस या व्याख्येत कामगार नसतो. आणि ज्याने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला त्याची तर कपातच झालेली नसते! तो स्वखुशीने गेलेला असतो. म्हणजे कपात झाली, पण कागदावर कुणीही काढला गेला नाही. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर असलेल्या आपल्या मराठी मुलांचे दुखणे वेगळे : काम गेल्यापासून साठ दिवसांत नवा मालक मिळाला नाही, दुसरा परवानाही मिळाला नाही, तर देश सोडायचा, मग लेकरू तिथल्या शाळेत तिसरीत असो की घराचे हप्ते चालू असोत. निदान तिथे ‘तुम्हांला आम्ही काढले’ एवढे लिहून तरी मिळते.

सेवाज्येष्ठता यादीवर आम्ही शिक्षक किती टीका करतो! ती गुण पाहत नाही, आळशाला वाचवते, तळमळीच्या तरुणाला बाहेर ढकलते. सगळे खरे. पण ती यादी आधीपासून सर्वांना माहीत असते. उद्या पट घसरला तर कुणाची पाळी आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असते, आणि ती पाळी आली म्हणजे तो नालायक ठरला असे कुणी समजत नाही. कंपनीची यादी बंद खोलीत तयार होते. तिचा नियम आधी सांगितला जात नाही, नंतरही सांगितला जात नाही; आणि ज्याचे नाव त्यात निघाले तो पुढची कित्येक वर्षे स्वत:लाच विचारत राहतो की माझ्यात काय कमी होते. त्याच्यात काही कमी नव्हते, कुणा दुसऱ्याचा हिशेब चुकला होता, हे त्याला कोण सांगणार? ते सांगण्याचे ओझे ज्याच्यावर आहे त्यानेच तर त्याच्याकडून उलटे लिहून घेतले.

या मुलाचे वडील यंत्रमागवाले आहेत. स्वत:चे चोवीस माग. त्यांना आम्ही विचारले, मंदीत तुम्ही काय करता? म्हणाले, “एकच पाळी चालवतो, मास्तरसाहेब. कधी आठवड्यातून चार दिवस. माणूस नाही काढत. तेजी आली की तो आणायचा कुठून?” यात धर्मादाय काही नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मजुरी मीटरवर असते. माग थांबला की कारागिराचे ताटही अर्धे होते, आणि मालकाचे ताट त्या प्रमाणात अर्धे होत नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण मंदी सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी येते आणि कुणालाही ‘तू जास्तीचा होतास’ असे ऐकावे लागत नाही, एवढा फरक त्यात आहे. आणि मालक रोज त्या कारागिराच्या समोरून जातो. बारा हजार माणसांच्या समोरून कुणालाच जावे लागत नाही.

अलीकडे कपातीचे कारण म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले जाते. यंत्र पाच जणांचे काम करील, म्हणून चार नकोत. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला अभिमानाने सांगितले होते की तिचे यंत्र ग्राहकांना उत्तरे देणाऱ्या ७०० माणसांचे काम करते. पुढच्या वर्षी सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून ती पुन्हा माणसे शोधू लागली. यावरून यंत्र हरले असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. यंत्र उद्या आणखी चांगले होईल. पण माणूस काढताना जी घाई दिसते ती घेतानाही असते, आणि दोन्ही वेळी तिची किंमत तोच माणूस देतो.

दहावीची मुले आम्हांला विचारतात, सर, कॉम्प्युटरला जाऊ की नको? जा, असेच आम्ही सांगतो. पण आता एक गोष्ट जोडतो. मुलाखतीच्या शेवटी तुला काही विचारायचे आहे का, असे ते म्हणतात, तेव्हा पगार विचारण्याआधी विचार की काम कमी झाले तर तुमच्याकडे कुणाला कसे कमी करतात, त्याचा नियम कुठे लिहिलेला आहे. काही पालकांना हे अपशकुनी वाटते. नोकरी लागण्याआधीच जाण्याची गोष्ट! आपल्याकडे निकाहाच्या वेळी मेहर ठरवतो तेव्हा तलाकची इच्छा कुणाच्याही मनात नसते, तरी ती रक्कम चार लोकांसमोर बोलून कागदावर येतेच, याची आम्ही त्यांना आठवण देतो. मग ते गप्प होतात. पटलेले असते की नाही, अल्ला जाणे.

तो पुण्याचा मुलगा आता नाशिकला आहे. दवाखान्यांच्या हिशेबाची प्रणाली तयार करणारी छोटी कंपनी, एकूण नऊ माणसे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. काम, तो म्हणतो, अकरा वर्षांत झाले नव्हते इतके चांगले होते आहे. सकाळी ठरते ते संध्याकाळी दिसते. ब्रूक्स यांचे गणित त्याला मी फळ्यावर शिकवायची गरज उरलेली नाही. काम वाढल्यामुळे दहावा माणूस घ्यावा का, यावर त्या नऊ जणांची गेले दोन महिने चर्चा चालू आहे. दवाखाने दोन वाढले आहेत, एक जाण्याच्या बेतात आहे. अजून ठरलेले नाही.